एका रेघेचा फरक: जुळ्या कांजी ओळखायच्या कशा

यंत्राच्या एका जपानी ड्रॉइंगवर खालच्या कोपऱ्यात बारीक टीप होती: 縁のみ塗装. ‘फुचि नोमि तोसो’. म्हणजे फक्त कडेला रंग द्यायचा. मी पहिलं अक्षर 緑 असं वाचलं, ‘मिदोरि’, हिरवा. आणि भाषांतरात लिहून मोकळी झाले, ‘फक्त हिरवा रंग द्यावा.’ कागद स्कॅन केलेला होता, अक्षरं फुटली होती. तपासणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, “मॅडम, हिरवा रंग नक्की कुठे द्यायचा?” तेव्हा ते अक्षर चौपट मोठं करून पाहिलं आणि पोटात गोळा आला. ध चा मा झाला होता.

त्या दिवशी मी एक वही घातली. तिला मी ‘जुळ्यांची वही’ म्हणते. आज तिसरी वही चालू आहे. त्यांतून जे हाती लागलं ते इथे सांगते, कारण कांजी, म्हणजे जपानीतली चिनी मूळची अक्षरं, शिकणारे बरेच जण पहिल्या दीडदोनशे अक्षरांनंतर याच जागी येऊन अडकतात. तोवर सगळं छान लक्षात राहत असतं. मग अचानक 持 आणि 待 एकमेकांत मिसळतात आणि पक्कं झालेलंही डळमळायला लागतं. यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या जोयो कांजी २०१० च्या यादीप्रमाणे २१३६ आहेत. जपानी मुलं त्यांतल्या १०२६ कांजी प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. ही सगळी अक्षरं काही शे सुट्या भागांच्या जुळणीतून तयार होतात, मग चेहरे सारखे होणारच.

‘नीट बघा’ हा सल्ला मलाही मिळाला होता. दोन अक्षरं शेजारी ठेवून मी टक लावून बघत बसायचे. तेवढ्यापुरता फरक दिसायचा. दुसऱ्या दिवशी त्यातलं एकच अक्षर समोर आलं की प्रश्न तोच: हे त्या दोघांतलं कोणतं? लहानपणी घ आणि ध, भ आणि म यांनी आपल्याला असंच छळलं होतं. आज ‘घर’ वाचताना घ ची शिरोरेघ तुटली आहे की नाही हे कुणी तपासत नाही. आपण शब्द ओळखतो. कांजीलाही तिथपर्यंत न्यायचं आहे. त्यासाठी बघण्याआधी एक प्रश्न विचारायचा: फरक नेमका कोणत्या भागात आहे, आणि तो भाग काय काम करतो? अर्थ सांगतो की उच्चार?

उजवीकडे तोच, डावीकडे वेगळा

बहुतेक कांजींमध्ये एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. 寺 घ्या. एकटं असलं की ‘तेरा’, मंदिर, ओनयोमी (चिनीतून आलेला उच्चार) ‘जि’. आता याचा गोतावळा बघा. 時 (वेळ) ‘जि’, 持 (हातात धरणं) ‘जि’, 侍 (सामुराई) ‘जि’, 詩 (कविता) ‘शि’. 待 (वाट बघणं) मात्र ‘ताइ’ आणि 特 (विशेष) ‘तोकु’. काळाच्या ओघात हे दोघे उच्चाराने लांब गेले.

सगळ्यांत 寺 आहेच, त्यामुळे तिकडे बघत बसण्यात अर्थ नाही. नजर सरळ डावीकडे न्यायची. 時 मध्ये सूर्य, म्हणून वेळ. 持 मध्ये हात, म्हणून धरणं. 侍 मध्ये माणूस, धन्यापाशी सेवेला उभा असलेला. 詩 मध्ये बोलणं. 待 मध्ये 彳 आहे, 行 या ‘जाणं’वाल्या अक्षराचा डावा अर्धा भाग, वाट बघणारा माणूस रस्त्यावर उभा आहे. (आपल्या ‘वाट बघणं’ या शब्दातही वाट आहेच. मराठी माणसाने 待 कधी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.) 持 आणि 待 यांचा घोळ बहुतेक वेळा हात आणि रस्ता यांचा घोळ असतो. हाताला उभी रेघ आणि तळाशी आकडा (हूक) असतो. रस्त्याच्या माथ्यावर दोन तिरक्या रेघा असतात. एवढं एकदा हाताने लिहिलं की ते डोळ्यात बसतं.

試験 (परीक्षा), 危険 (धोका), 検査 (तपासणी) यांत तर उच्चाराची काहीच मदत नाही, कारण 験, 険, 検 तिन्ही ‘केन’. इथे पूर्ण भार डाव्या भागावर. 険 ला टेकडी आहे. त्याचा जपानी उच्चार ‘केवाशी’ म्हणजे चढण उभी असणं, आणि उभ्या चढणीला धोका. 検 ला लाकूड आहे. पूर्वी लेखांवर शिक्क्यासाठी लावायच्या लाकडी पट्टीचं हे अक्षर. 験 ला घोडा. घोडा पारखून घेतात, ही माझी मीच केलेली खूण आहे, व्युत्पत्ती नव्हे. अशा खुणा जरूर करा, पण कोणती खूण आपली आणि कोणती अक्षराच्या इतिहासातली हे मनात वेगळं ठेवा.

डाव्या भागांतलीही एक जोडी फसवी आहे: 礻 आणि 衤. फरक एका टिंबाचा. पहिला 示 पासून आला, देव आणि पूजा यांचा. जपानीत त्याला ‘शिमेसुहेन’ म्हणतात. दुसरा 衣 पासून, कपड्यांचा, तो ‘कोरोमोहेन’. मग 神 (देव), 祝 (शुभेच्छा, सोहळा), 祈 (प्रार्थना), 福 (सौभाग्य) या सगळ्यांना एक टिंब कमी. 袖 (बाही), 襟 (कॉलर), 補 (भरून काढणं, मूळ अर्थ कपड्याला ठिगळ लावणं) यांना एक जास्त. आणि 初, ‘पहिला’? त्यात कपडा आणि सुरी आहे, कारण कपडा शिवायची सुरुवात कापड बेतण्यापासून होते. हे कळल्यापासून 初 मध्ये टिंब गाळण्याची चूक माझ्याकडून एकदाही झालेली नाही.

अशीच आणखी एक: 阝 डावीकडे असेल तर टेकडी (防, 階, 陸), उजवीकडे असेल तर वस्ती (都, 郡). आकार एकच, मूळ अक्षरं दोन.

डावीकडे तोच, उजवीकडे वेगळा

इथे उलटा विचार. 輪 आणि 輸, दोन्हींना डावीकडे गाडी. अर्थाचा भाग सामाईक असल्यामुळे उच्चार सांगणारा उजवा भागच कामाचा. 輪 मधला उजवा भाग 論 ‘रोन’ आणि 倫 ‘रिन’ मध्ये आहे, म्हणून 輪 ‘रिन’, चाक. 輸 मधला 愉 आणि 諭 मध्ये आहे, दोन्ही ‘यु’, म्हणून 輸入 ‘युन्यू’, आयात. दोन अक्षरांची तुलना करण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या उच्चाराच्या भावंडांत नेऊन बसवा. दोघे वेगळ्या घरचे आहेत हे लगेच दिसतं.

माझ्या चुकीची जोडीही याच जातीची. 緑 चा उजवा भाग 録 (नोंद) मध्ये आहे. एक ‘र्योकु’, दुसरं ‘रोकु’. 縁 चा उच्चार ‘एन’. भावंडं माहीत नव्हती, म्हणून नुसत्या आकारावर गेले. आकारातही फरक आहेच, उजव्या खालच्या कोपऱ्यात: 緑 मध्ये मधल्या उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे थेंब असावेत तशा समतोल रेघा आहेत. 縁 मध्ये 家 (घर) च्या छपराखाली असतात तशा, डाव्या अंगाला एकाखाली एक झुकलेल्या रेघा. फुटलेल्या स्कॅनमध्ये नेमका तोच कोपरा आधी जातो. अशा वेळी वाक्याचा अर्थ लावून बघायचा. ‘फक्त हिरवा रंग द्या’ म्हणजे कुठे, हा प्रश्न तेव्हा मलाच पडायला हवा होता.

網 (जाळं) आणि 綱 (दोरखंड) यांचंही असंच. 綱 चा भाऊ 鋼 (पोलाद), दोन्ही ‘को’. 網 च्या पोटात 亡 आहे, ‘बो’ किंवा ‘मो’, आणि 網 ‘मो’.

遺 आणि 遣 मध्ये मला अर्थ जास्त उपयोगी पडला. 遺 मध्ये 貝, शिंपला आहे. प्राचीन चीनमध्ये कवड्या चलन म्हणून वापरत, म्हणून पैशाच्या कितीतरी अक्षरांत हा शिंपला सापडतो: 買 (विकत घेणं), 費 (खर्च), 財 (संपत्ती). मागे ठेवून गेलेली संपत्ती ती 遺産 ‘इसान’. शिंपला नसेल तर पाठवणं, 派遣 ‘हाकेन’.

崇 आणि 祟 मध्ये अक्षर कुठे कापायचं तेच चुकतं. पहिल्यात वर डोंगर 山 आणि खाली 宗. हे 崇拝 ‘सूहाइ’, भक्ती. दुसऱ्यात वर 出, बाहेर पडणं (दिसायला एकावर एक दोन डोंगर), आणि खाली 示; हे ‘तातारि’, कोप. भक्ती आणि कोप यांची गल्लत होऊ द्यायची नसेल तर माथ्यावर डोंगर एक आहे की दोन, तेवढं बघा.

सुटे भागच नसतील तेव्हा

अवघड प्रकार हाच. 未 आणि 末, 土 आणि 士, 人 आणि 入: इथे भाग पाडता येत नाहीत. रेघेची लांबी किंवा टोक एवढंच हातात राहतं.

未 आणि 末 दोन्ही 木, झाड, यातून आले. झाडाच्या बुंध्याशी खूण केली की 本, मूळ. शेंड्याशी ठळक खूण केली की 末, टोक, शेवट. म्हणून वरची रेघ लांब. 未 मध्ये वरची रेघ आखूड, अर्थ ‘अजून नाही’. झाडाला अजून वाढायचं आहे, असं मी मनाशी म्हणते. पण खरी मदत शब्दांची होते. 週末 ‘शूमात्सु’ आठवड्याचा शेवट, 月末 ‘गेत्सुमात्सु’ महिनाअखेर. 未来 ‘मिराइ’ अजून न आलेला काळ, 未定 ‘मितेइ’ अजून न ठरलेलं. १८歳未満 असं कुठे लिहिलेलं दिसलं तर अठरा अजून पूर्ण नाहीत असा अर्थ, अठरा धरून नव्हे. हीच दोन अक्षरं दुसऱ्यांच्या पोटात शिरली तरी उच्चार बरोबर नेतात: 味 ‘मि’ (चव), 妹 ‘माइ’ (धाकटी बहीण), पण 抹茶 मधलं 抹 ‘मात्सु’.

土 (माती) ची खालची रेघ लांब, जमिनीसारखी. 士 ची वरची लांब, 武士 ‘बुशि’ च्या खांद्यांसारखी.

人 (माणूस) आणि 入 (आत जाणं) मध्ये कुठली रेघ दुसरीवर रेलते ते पाहा. 人 मध्ये डावी रेघ माथ्यापर्यंत जाते आणि उजवी तिच्या अंगातून निघते. 入 मध्ये उजवी रेघ माथ्यावर असते. 人口 ‘जिन्को’ म्हणजे लोकसंख्या, 入口 ‘इरिगुचि’ म्हणजे प्रवेशद्वार. दारावर लोकसंख्या लिहिलेली नसते, त्यामुळे पाटी वाचताना अडत नाही. परिच्छेदाच्या मध्ये मात्र अडतं.

牛 (गाय, बैल) आणि 午 ची गोष्ट मला फार आवडते. 牛 चं डोकं आडव्या रेघेच्या वर येतं, 午 चं येत नाही. 午 हा बारा प्राण्यांच्या चक्रातला घोडा. जुन्या कालगणनेत घोड्याचा प्रहर दुपारी बाराच्या आसपास यायचा, म्हणून 午前 ‘गोझेन’ म्हणजे बाराच्या आधी, 午後 ‘गोगो’ म्हणजे नंतर, आणि बरोबर मध्यान्ह ते 正午 ‘शोगो’. घड्याळ असेल तर घोडा, दूध असेल (牛乳 ‘ग्यून्यू’) तर गाय.

己, 已, 巳 या तिघांना घाबरू नका. जोयो यादीत त्यातलं फक्त 己 (स्वतः) आहे. डाव्या बाजूची उभी रेघ खालीच राहिली तर 己, अर्ध्यात आली तर 已, पार वर टेकली तर 巳, साप. २०२५ हे सापाचं वर्ष होतं, तेव्हा शुभेच्छापत्रांवर हेच असायचं.

開 आणि 閉 अर्थाने विरुद्ध आणि दिसायला जवळ. जपानी लिफ्टमधली ही दोन बटणं घाईत स्वतः जपानी माणसांचीही गफलत करतात. दोन्हींना बाहेर 門, दार. आत बघा: 開 मध्ये दोन उभे खांब, देवळाच्या तोरी कमानीसारखे, आरपार जाता येईल असे. 閉 मध्ये 才 सारखा तिरका दांडा, म्हणजे दाराला लावलेला अडसर. अडसर दिसला की दार बंद. याच कुटुंबातले 問 (विचारणं) आणि 聞 (ऐकणं) दारात बसले असले तरी दाराचे नव्हेत. शब्दकोशात ते 口, तोंड, आणि 耳, कान, यांच्या खाली सापडतात. दार तिथे उच्चाराला आहे.

काताकानाशी (परदेशी शब्दांसाठीच्या जपानी उच्चारलिपीशी) मिळतीजुळती अक्षरं, 力 आणि カ, 夕 आणि タ, 工 आणि エ, यांत वेळ घालवू नका. शेजारी कोण आहे ते बघा: 夕方 मध्ये ते संध्याकाळ आहे, タクシー मध्ये ‘ता’.

कोणता फरक सोडून द्यायचा

हेही तितकंच महत्त्वाचं. छापील 令 आणि हाताने लिहिलेलं 令 इतकं वेगळं दिसतं की नव्या माणसाला दोन अक्षरं वाटतात; हाताने लिहिताना तळाशी マ सारखा आकार येतो. 入 च्या माथ्यावर छापात येणारी छोटी आडवी टोपी हाताने लिहीत नाहीत. 木 च्या उभ्या रेघेला खाली आकडा काढला तरी चालतो, नाही काढला तरी चालतो. जपानच्या सांस्कृतिक परिषदेने २०१६ मध्ये याबाबत सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे. त्याचं म्हणणं असं की ज्या फरकाने अक्षर बदलत नाही त्यावरून चूक ठरवू नये. 土 आणि 士 मधली लांबी पाळायचीच; आकड्याची चिंता सोडायची.

म्हणून शिकताना फाँट ‘क्योकाशोताइ’, म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकांच्या वळणाचा घ्या. विंडोजमध्ये यूडी डिजिटल क्योकाशो मिळतो. आणि फोनच्या भाषांच्या यादीत जपानी घाला, चिनीच्या वर. नाहीतर 直 आणि 骨 सारखी अक्षरं चिनी वळणाने दिसतात आणि तुम्ही भलताच आकार पाठ करून बसता.

वही कशी भरायची

चूक झाल्याशिवाय माझ्या वहीत जोडी येत नाही. जुळ्यांच्या तयार याद्या पाठ करू नका. ज्या जोड्या तुम्हाला कधी फसवणारच नव्हत्या त्याही त्या मनात भरवतात. डाव्या पानावर मी चुकलेलं अक्षर मोठं काढते, फरकाच्या जागेला लाल गोल करते आणि खाली तो शब्द लिहिते ज्यात चूक झाली. उजव्या पानावर दुसरं अक्षर, पण त्याच दिवशी नाही. आधी एक आठवडाभर शब्दांत, वाक्यांत वापरून पक्कं करायचं, मगच दुसऱ्याला आत घ्यायचं. दोन्ही एकदम शिकलात तर ‘या दोघांत काहीतरी गोंधळ आहे’ एवढंच नीट पाठ होतं.

दोन्ही बसली की एका वाक्यात आणायची. 荷物を持って待つ, ‘निमोत्सु ओ मोत्ते मात्सु’, सामान धरून वाट बघणं. 週末の予定は未定です, ‘शूमात्सु नो योतेइ वा मितेइ देसु’, शनिवार-रविवारचं अजून ठरलेलं नाही. 午前に牛乳を飲む, सकाळी दूध पिणं. वाक्य खरोखर कुणीतरी बोलेल असं असू द्या.

आणि लिहा. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने लिहावं लागत नाही, म्हणून खूप जण लिहिणं सोडतात. पण त्याच परीक्षेत एन५ या सर्वांत सोप्या पातळीपासून एन२ पर्यंत हिरागानातल्या (साध्या उच्चारलिपीतल्या) शब्दाची कांजी ओळखायला सांगतात आणि पर्यायांत जुळी अक्षरंच ठेवतात. बघून दहा वेळा उतरवण्यापेक्षा न बघता एकदा लिहा, मग ताडून पाहा. अडाल तिथे तुमची कच्ची जागा सापडेल. जपानी माणसं अक्षर आठवत नसलं की हवेत किंवा तळहातावर बोटाने लिहून बघतात, तेही करून पाहा. हाताला क्रम आठवतो. शाळेत शिकवतात त्या क्रमात 右 ची सुरुवात तिरक्या रेघेने होते आणि 左 ची आडव्या रेघेने, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या हाताला उजवं-डावं पहिल्याच फटक्यात कळतं.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर 縁 आणि 緑 आहेत. लाल गोल उजव्या खालच्या कोपऱ्याला. खाली वाक्य आहे: 縁が緑の皿, ‘फुचि गा मिदोरि नो सारा’, हिरव्या कडेची ताटली. महिन्यातून एकदा मी ते अजूनही न बघता लिहून बघते.